आठवड्याचा स्वयंपाक, गच्चीवरच्या बादल्या आणि 75 दिनार



इथे नव्यानेच आलेल्या एका ताईंनी मला विचारलं, "बहारीनमध्ये चार माणसांचं स्वयंपाकघर महिन्याला शंभर दिनारच्या आत खरंच चालतं का हो?" चालतं. पण कसं, ते दोन ओळींत सांगता येत नाही, म्हणून आमच्या घरचा एक साधा आठवडा जसाच्या तसा लिहून काढते आहे. सण नाही, पाहुणे नाहीत, जानेवारीच्या शेवटचा आठवडा. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही मनामात गुदैबियाला राहतो, जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. अकरा वर्षं झाली. लेक दहावीला आहे, सीबीएसई. धाकटा चौथीत. सप्टेंबरपासून ह्यांच्या कंपनीत सगळ्यांचेच पगार कमी केले. आमचे 75 दिनार गेले. आजच्या भावाने एका दिनारचे दोनशेच्या वर रुपये होतात, म्हणजे गावी एखाद्याचा महिन्याचा पगार निघेल एवढी रक्कम.

गल्फमध्ये राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. अशा वेळी पहिला सल्ला एकच मिळतो, "फॅमिली पाठवून द्या." बायकोमुलं गावी, नवरा चौघांत एक खोली करून इथे. आमच्याच बिल्डिंगमधून दिवाळीच्या आधी दोन कुटुंबं तशी गेली. त्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. पण लेकीची दहावी अर्ध्यावर आलेली. आणि धाकटा दीड वर्षाचा असताना एकदा हे सात महिने एकटे राहिले होते. परत भेटल्यावर पोरगं त्यांच्याकडे जाईना. ते दिवस आम्हा दोघांनाही नको होते.

म्हणून कागद घेऊन बसलो. घरभाडं आणि शाळेची फी आपल्या हातात नाही. हातात काय? किराणा-भाजीला महिना 150 दिनार जात होते, ते 95 वर आणायचे, म्हणजे 55 वाचले. बाहेरचं खाणं 20 चं 5 वर, म्हणजे 15. वीजपाण्याचं बिल भाड्यात धरलेलं आहे, पण 30 दिनारच्या मर्यादेपर्यंत. ईडब्ल्यूएचं बिल त्याच्या वर गेलं की फरक आपल्या खिशातून. तिथे सरासरी 5. झाले 75. कागदावर सोपं दिसलं!

आता आठवडा. आमचा आठवडा रविवारी सुरू होतो हे तुमच्यापैकी अमेरिका-इंग्लंडवाल्यांना गमतीचं वाटेल. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी.

रविवार

सकाळी सव्वासहाला शाळेची बस. तीन डबे. पूर्वी मी दुपारचं जेवण ठरवायचे आणि डब्यात मिळेल ते भरायचे, त्यामुळे बिस्किटं, चिप्स, फ्रोझन पराठे यांची खरेदी वाढायची. आता उलट करते. आधी डबा ठरतो, त्याच भाजीत दुपार निघते. इथे 2022 पासून व्हॅट 10 टक्के आहे, पण तांदूळ, पीठ, भाजी, दूध, अंडी, मासे अशा रोजच्या वस्तूंवर तो लागत नाही. चिप्स-बिस्किटांवर लागतो. कोल्ड्रिंकवर तर 2017 च्या अखेरीस वेगळा 50 टक्के कर बसला. म्हणजे बिलावर नजर टाकली की कळतं, घरी शिजवणाऱ्याला सूट आहे आणि पाकीट फोडणाऱ्याला दंड!

डब्यातल्या खाऊसाठी सासूबाईंची सुकडी. कणीक तुपावर खमंग भाजायची, गॅस बंद करून गूळ घालायचा, थापायची. पंधरा मिनिटं. सासूबाईंनी 1972 चा दुष्काळ पाहिलेला. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेली ती लाल मिलो ज्वारी, दोन्हींची चव त्यांना अजून आठवते. फोनवर मी सुकडी करते म्हटल्यावर त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अगं, तूप बरं घाल जरा. आम्हाला कुठलं तूप!"

रविवारी रात्री मटकी फडक्यात बांधून ठेवते, शनिवारी रात्री भिजत घातलेली असते. जानेवारीत इथेही गारठा असतो, मोड यायला दीड दिवस लागतो. उन्हाळ्यात आठ-दहा तासांत येतात आणि दुर्लक्ष झालं तर वासही येतो.

सोमवार

मटकीची उसळ. कडधान्यं हा आमच्या 95 दिनारांचा कणा आहे. मटकी, चवळी, कुळीथ, हरभरे मनामाच्या बाजारातून पाच-पाच किलो आणते आणि तीन घरांत वाटून घेते. अर्धा किलो मटकीला मोड आले की पातेलंभर होतात. अर्ध्याची उसळ, उरलेली दोन भाग करून फ्रीजरमध्ये. उसळीला कांदा, आलं-लसूण, गोडा मसाला, आमसूल. शेवटी कोथिंबीर, ती गच्चीवरून.

आता गच्चीबद्दल. बाल्कनी आमची दोन माणसं उभी राहतील एवढीच. पण बिल्डिंगच्या नातूरला (इथे वॉचमनला नातूर म्हणतात) विचारलं, त्याने मालकाला विचारलं, आणि पाण्याच्या टाक्यांच्या बाजूची एक भिंत आम्हाला मिळाली. तिथे आता रंगाच्या बारा बादल्या, थर्माकोलचे पाच खोके आणि तांदळाच्या सहा गोणपाटी पिशव्या आहेत. कुंडी एकही विकत घेतलेली नाही. खोके फळबाजारात फेकून देतात. बादल्या आणि खोक्यांना खाली भोकं पाडायची, पाणी तुंबलं की मुळं कुजतात.

इथली माती म्हणजे वाळू आणि चुनखडी, त्यात खार. नुसत्या तिच्यात काही येत नाही. मी एक भाग इथली वाळू (दोन-तीनदा पाण्याने धुवून), एक भाग कोकोपीट आणि एक भाग घरचं खत घेते. पहिल्या वर्षी कोकोपीट विकत घ्यावं लागलं, तोच मोठा खर्च. तेच अजून वापरते.

बियाणंही विकत नाही. मेथीदाणे डब्यातलेच, रात्रभर भिजवून पेरायचे. तीन-साडेतीन आठवड्यांत जुडी निघते. धणे मात्र अख्खे टाकू नका, लाटण्याने हलकेच रगडून दोन पाकळ्या करा आणि मग पेरा. लसणाच्या हिरवा कोंब आलेल्या पाकळ्या खोचायच्या, पात कापत राहायची. पुदिना जुडीतल्याच काड्यांचा. पिकलेला टोमॅटो कुस्करून टाकला तरी रोपं येतात.

आमच्याकडे पेरणीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. तुमच्याकडे बर्फ पडत असतो तेव्हा आमची शेती जोरात! सप्टेंबरात घाई करू नका, कोवळी रोपं करपतात.

मंगळवार

पालेभाजीचा वार. गच्चीवर मेथी दोन खोके, पालक एक. दर मंगळवारी एक जुडी निघेल अशा बेताने दहा-दहा दिवसांनी थोडं थोडं पेरते. एकदम पेरलं की एकदम येतं, मग शेजारीपाजारी वाटत बसायचं आणि पुढचे तीन आठवडे बाजारात जायचं.

बाजारातून पालेभाजी आणायची तर भारतातून विमानाने आलेली आणू नका, ती महागच पडणार. इथली घ्या. 'रुवेद' म्हणून जो पाला मिळतो तो मुळ्याची कोवळी पानं. इथले लोक माशाबरोबर कच्चा खातात. आपण मुळ्याच्या पाल्याला बेसन पेरून करतो ना, तशी त्याची भाजी झकास होते. 'जरजीर'ची पानं तिखटसर असतात, ती मी भिजवलेल्या मूगडाळीबरोबर कोशिंबिरीत घालते. आणि 'बर्बीर' म्हणजे चक्क आपली घोळ! पहिल्यांदा बाजारात पाहिली तेव्हा मी त्या भाजीवाल्याला दोनदा विचारलं. गावी बांधावरून उपटून आणायचो ती भाजी इथे जुड्या बांधून विकायला होती. उन्हाळ्यात बाकी सगळं माना टाकतं तेव्हा घोळ तग धरते. एक जुडी आणा, चार काड्या ओल्या मातीत खोचा, पुन्हा विकत आणावी लागत नाही.

बोलायचीही फार अडचण येत नाही. जुन्या बहारीनी माणसांच्या बोलण्यात बटाटा 'आलू'च असतो, लोणचं 'अचार'च्या जवळपासच असतं. आणि 100 फिल्सला ते 'रुबिया' म्हणतात. कारण 1965 मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालायचा आणि दिनार आला तेव्हा दहा रुपयांना एक असा बदलून मिळाला. म्हणजे दिनाराचा दहावा भाग तो रुपया. साठ वर्षं झाली, शब्द गेला नाही. मी मुलांना हिशेब रुबियात शिकवते. "हे चॉकलेट तीन रुबिया" म्हटलं की विचार होतो, "पॉइंट थ्री दिनार" म्हटलं की काहीच वाटत नाही.

बुधवार

झाडूनपुसून वार. नवीन काही आणायचं नाही, फ्रीज रिकामा करायचा. दोडक्याच्या शिरांची तिळ घालून चटणी (संक्रांतीचे तीळ उरलेत). फ्लॉवरचे कोवळे दांडे आणि पानं चिरून पिठल्यात. कोबीचा बुंधा किसून थालिपिठात. कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग दुधीसारखा, त्याची भाजी.

आणि शिळ्या खुबूसचा कुस्करा. खुबूस माहीत नसलेल्यांसाठी सांगते, गल्लीतल्या भट्टीवर भाजतात ती मोठी गोल रोटी. थोड्या फिल्समध्ये घरभर होते. सकाळी ताजी गरम खुबूस पिठल्याबरोबर खावी. उरली तर दुसऱ्या दिवशी हाताने कुस्करून, कांदा-मोहरी-हळद-शेंगदाण्याची फोडणी देऊन फोडणीची पोळी करतो तशी. वरून लिंबू. माझी दोन्ही मुलं याच्यावर भांडतात.

तरीही जे उरतं ते खताच्या बादलीत. झाकणाच्या दोन बादल्या, बाजूंनी भोकं. एक थर सालं, एक थर फाडलेला पुठ्ठा किंवा वाळकी पानं, अधूनमधून पाण्यात कालवलेलं आंबट ताक. एक बादली भरली की झाकून ठेवायची आणि दुसरी भरायला घ्यायची. शिजलेलं अन्न, तेल, हाडं टाकायची नाहीत, झुरळं येतात आणि नातूर बोलतो. गावी खतात पाणी जास्त होण्याची भीती असते, इथे उलट. इथे ते वाळून भुस्सा होतं. मुठीत दाबल्यावर ओलसर लागलं पाहिजे. तांदूळ धुतलेलं पाणीही झाडांना घालते.

गुरुवार

कामाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पूर्वी हमखास बाहेरून मागवायचो. महिन्याचे 20 दिनार त्यातच जायचे. आता गुरुवारी मिसळ किंवा पावभाजी घरी. पाव म्हणजे भट्टीवरचा 'सामून', आपल्या पावापेक्षा लांबट, पण तव्यावर लोणी लावून भाजला की फरक कळत नाही.

जेवणानंतर वही उघडते. यात मी मुलांनाही बसवते आणि याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्यातल्या बऱ्याच आईबाबांना हे पटत नाही. "मुलांना पैशाची काळजी कशाला?"

ऑक्टोबरात एकदा धाकटा शाळेतून आला आणि हात न धुताच विचारलं, "आई, आपण गरीब झालो का?" वर्गातल्या एकाने त्याला म्हटलं होतं, तू आता कॅन्टीनला येत नाहीस म्हणजे तुझ्या पप्पांची नोकरी गेली. मी क्षणभर काय बोलावं या विचारात होते, तेवढ्यात लेकच म्हणाली, "वही दाखव त्याला."

मग दाखवली. पप्पांची नोकरी आहे. पगार एवढा होता, एवढा झाला. भाडं एवढं, तुमची फी एवढी, आजीला एवढे पाठवतो, राहिले एवढे. त्याने बोट ठेवून सगळं वाचलं आणि विचारलं, "आजीचे कमी केले का?" नाही म्हटल्यावर उठून खेळायला गेला. त्याला जे कळायला हवं होतं ते कळलं असावं. त्या दिवसापासून कोथिंबिरीला पाणी घालायचं काम त्याने मागून घेतलं. कोथिंबीर बाजारात दोन रुबियाला जुडी म्हणून तो वहीत जमेच्या बाजूला दर आठवड्याला दोन रुबिया लिहितो. हिशेबाच्या शास्त्रात बसतं की नाही देव जाणे, मी खोडत नाही.

दहावीच्या मुलीचं वेगळं. ती काही विचारत नाही, पण तिच्या टेबलावर पुस्तकांमध्ये मला एकदा कागद सापडला. आमच्या गावाकडच्या कॉलेजांची नावं आणि त्यापुढे फी. आपल्याला पाठवलं तर काय, याची तिने गुपचूप तयारी केली होती. त्या रात्री आम्ही तिला स्पष्ट सांगितलं की परीक्षा संपेपर्यंत कोणीही कुठे जाणार नाही. त्यापुढचं मार्चमध्ये चौघांनी बसून ठरवायचं. मुलांना कळत नाही असं आपल्याला वाटतं तेव्हा त्यांना निम्मंच कळलेलं असतं, आणि ते निम्मं जास्त घाबरवतं.

शुक्रवार

सकाळी सेंट्रल मार्केट. इथे आमची 'भाजी भिशी' आहे. आम्ही एक, एक कोकणातलं कुटुंब आणि एक मलयाळी. प्रत्येक शुक्रवारी एकाने जायचं, कांदे, बटाटे, टोमॅटो, काकडी पेटीनेच घ्यायचं आणि तिघांत वजन करून वाटायचं. पेटी घेतली तर किलोमागे बराच फरक पडतो आणि गाडीचं पेट्रोलही तीन आठवड्यांतून एकदाच. जानेवारीत इथला स्थानिक टोमॅटो भरपूर येतो. जास्तीचा शिजवून, गाळून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते. मे-जूनला भाव चढतो तेव्हा कामी येतो.

मासे खाणाऱ्यांसाठी. सुरमई म्हणजे इथली 'कनाद', पण ती महिन्यातून एकदाच. बाकी वेळी बांगडा किंवा तारली स्वस्त असेल ते. मोठ्या माशाची डोकी वेगळी मागितली तर अगदी कमी पैशांत मिळतात. त्यांचं आमसूल-तिरफळ घातलेलं कालवण केलं की दोन दिवस भाताला दुसरं काही नको.

दूध, अंडी, फळं यांत आम्ही काटछाट केलेली नाही. हे मुद्दाम लिहिते. काटकसर म्हणजे वाढत्या मुलांच्या ताटातलं काढून घेणं नव्हे. केळी आणि संत्री घरात कायम असतात. आणि रोज कणभर तूप, सासूबाईंच्या धाकाने!

शनिवार

थंडीच्या महिन्यांत शनिवारी सकाळी बुदैयाच्या बागेत शेतकरी बाजार भरतो. बहारीनी शेतकरी स्वतःचा माल आणतात. सगळंच स्वस्त असतं असं नाही, पण मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. बोरं मिळतात, इथे त्यांना 'कनार' म्हणतात. संक्रांतीच्या बोरन्हाणाला आम्ही तीच वापरतो.

बुदैयाच्या रस्त्याने जाताना खजुरीच्या बागा लागतात. एके काळी या बेटाच्या उत्तरेला गोड्या पाण्याचे झरे होते, त्यांच्यावर या बागा जगायच्या. समुद्राच्या तळाशीसुद्धा गोडं पाणी उसळायचं. उपसा वाढला, झरे आटले, जमिनीखालचं पाणी खारट झालं. आता नळाला येतं ते मुख्यतः समुद्राच्या पाण्यातला खार काढून. मुलांना हे सांगितलं की बादलीभर पाण्याचा अर्थ समजतो. आम्ही झाडांना नळ सोडत नाही, मगाने घालतो, संध्याकाळी, बुंध्याशी.

शनिवार दुपार गच्चीवर. आणि तिथेच आमच्या खालच्या मजल्यावरच्या बहारीनी आजी कधीकधी खुर्ची टाकून बसतात. गेल्या बकरी ईदच्या आधी त्यांनी धाकट्याला खजुरीच्या पानांची विणलेली एवढीशी टोपली दिली. तिच्यात माती आणि गहू पेरलेले. याला इथे 'हिया बिया' म्हणतात. मुलांनी ती टोपली टांगून ठेवायची, रोज पाणी घालून वाढवायची आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी समुद्रावर जाऊन, गाणं म्हणत, पाण्यात सोडून द्यायची.

धाकट्याने टोपली पाहिली आणि म्हणाला, "आई, हा तर घट आहे!" खरंच की. नवरात्रात आपण घटाभोवती मातीत धान्य पेरतो, नऊ दिवस पाणी शिंपडतो, दसऱ्याला ते पिवळे-हिरवे कोंब टोपीत खोवतो आणि बाकीचे पाण्यात सोडतो. आजींना मी माझ्या मोडक्या अरबीत हे सांगितलं. त्यांना किती समजलं माहीत नाही, पण नवरात्रात त्या घट बघायला वर आल्या आणि बराच वेळ त्या कोंबांवरून हात फिरवत बसल्या. समुद्रावर जायच्या संध्याकाळी टोपली सोडवेना म्हणून पोरगं रडलं होतं. आजी म्हणाल्या, सगळीच मुलं रडतात, म्हणूनच तर करायचं.

रमजानमध्ये त्यांच्याकडून ताट येतं, हरीस नाहीतर मच्छीभात. ताट रिकामं परत करायचं नाही, हे त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. मी गुळाची पोळी देते.

उन्हाळा

आठवडा संपला, पण उन्हाळ्याचं लिहिल्याशिवाय बहारीनची बागकामाची पोस्ट पुरी होत नाही.

जूननंतर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की हात धरवत नाही. ते झाडाला घातलं तर मुळं शिजतात. म्हणून पहाटे पाणी घालायचं, किंवा बादली रात्रभर घरात भरून ठेवायची. जुने लोक उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि थंड पाण्यासाठी गरम नळ सोडतात. गीझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते, त्यामुळे 'गरम' नळाला त्यातल्या त्यात थंड पाणी येतं. नव्याने येणाऱ्यांना ही थट्टा वाटते, पण खरं आहे.

दुसरं, एसीचं पाणी. इथल्या दमट हवेत जुलै-ऑगस्टला एका एसीची नळी दिवसात बादली भरते. फुकटचं पाणी आणि त्यात खार नाही. ते प्यायचं नाही, पण झाडांना उत्तम, मातीतला साठलेला खार धुवून निघतो. फक्त त्यात पोषण शून्य, म्हणून खत वेळेवर घाला.

उन्हाळ्यात सगळं जगवायचा हट्ट धरू नका. मेथी-पालक संपू द्या. घोळ, गवती चहा, अळू आणि कढीपत्ता एवढंच सांभाळायचं, तेही बाल्कनीच्या सावलीत आणून, वरून जुनी पांढरी चादर बांधून.

आमचा कढीपत्ता मूळचा आमचा नाही. 2020 मध्ये चिपळूणकडचं एक कुटुंब कायमचं परत गेलं तेव्हा त्यांनी दिला. त्यांना तो एका मलयाळी नर्सबाईंनी जाताना दिला होता, आणि त्यांच्या आधी कोणाचा होता ते कोणालाच माहीत नाही. आता तो छातीएवढा उंच आहे. इथे जमिनीत झाड लावणारे आपण नाही, आपलं सगळं कुंडीतलं. व्हिसा संपला, नोकरी संपली की निघायचं. जून आला, शाळा सुटल्या की निघणाऱ्यांची यादी लागते आणि कोणाच्या ना कोणाच्या दारातून कुंड्या दुसऱ्या दाराकडे जातात. आमची वेळ येईल तेव्हा हा कढीपत्ता भिशीतल्या कोकणातल्या वहिनींना द्यायचा, हे लेकीने आत्ताच ठरवून टाकलंय.

वही काय सांगते

सप्टेंबर 118. ऑक्टोबर, दिवाळी धरून, 121. नोव्हेंबर 99. डिसेंबर 94. जानेवारी आत्तापर्यंत 91, महिना संपायला तीन दिवस आहेत. म्हणजे 95 जमतंय, पण जमायला तीन महिने लागले. तुम्हीही पहिल्या महिन्यात निराश होऊ नका. पहिले दोन महिने जे कमी पडलं ते शिलकीतून गेलं.

आणखी एक खरं सांगायचं. यात गच्चीचा वाटा लहान आहे. मी एकदा नीट मोजलं, थंडीत महिन्याला पाच-सहा दिनारची भाजी निघते, उन्हाळ्यात जवळजवळ काहीच नाही. मोठी बचत कडधान्यं, पेटीने खरेदी, डब्याचा बेत आणि गुरुवारची मिसळ यांनी केली. कोथिंबीर पिकवून शाळेची फी निघत नाही. उद्या पगार आणखी कमी झाला तर मटकीची कितीही उसळ केली तरी पुरणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. मार्चमध्ये आम्हाला बसून बोलावंच लागेल.

पण सध्या रात्री आठ वाजता आमच्या टेबलाला चार ताटं लागतात. सप्टेंबरात आम्हाला एवढंच हवं होतं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी सगळं एकदम करू नका. या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा. एक वही घाला, आणि एका खोक्यात मेथी पेरा. बहारीनमध्ये असाल तर पुदिना, घोळ आणि कढीपत्त्याची पिल्लं माझ्याकडून घेऊन जा, फक्त येताना एक रिकामी बादली आणा. आणि बाहेरदेशी इतरत्र असाल तर सांगा, तुमच्या थंडीत खिडकीत काय काय जगतं? डब्याला काय देता? मुलांना हिशेबात बसवता का?